एकाच झाडाचे तीन भाव

थाई किंवा फिलिपिनो स्वयंपाकाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन फळांची नावे हटकून पुढे येतात. एक मकृत, म्हणजे खडबडीत सालीचे, जोडपानाचे, टॉम यम सारात ज्याची पाने पडतात ते. दुसरे कलमांसी, मोठ्या गोटीएवढे, फिलिपाइन्समध्ये जेवणाच्या ताटाशी कापून ठेवलेले. नर्सरीवाले आता ही रोपे वऱ्हाडातही विकू लागले आहेत आणि संत्र्याने हात पोळलेला एखादा शेतकरी ‘हे लावून पाहू का’ असे विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागची माहिती अपुरी आहे. मकृतचे काम मुख्यतः पानाचे आणि सालीचे. रस त्यात नावापुरता. थायलंडच्या रोजच्या जेवणातला आंबटपणा येतो तो तिथे ‘मनाव’ म्हणतात त्या फळातून. इंडोनेशियात त्यालाच ‘जेरुक निपिस’ म्हणतात. कच्च्या पपईच्या सोम तामवर पिळतात ते हेच, आणि टॉम यम चुलीवरून उतरवल्यावर शेवटी त्यात घालतात तेही हेच. वनस्पतिशास्त्राच्या वहीत या फळाचे जे नाव आहे, तेच बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावच्या बागांमधल्या फळाचेही आहे. आपण त्याला कागदी लिंबू म्हणतो. आग्नेय आशियाच्या स्वयंपाकघराचे मुख्य आंबट फळ अकोला जिल्ह्यात कित्येक पिढ्यांपासून पिकते आहे, त्यासाठी नवे रोप आणायची गरज नाही. आणायचे असेल तर तिथल्या शेतकऱ्याने या झाडाचा महिना कसा बदलला, ते तंत्र आणावे. कारण कागदी लिंबात पैसा आहे की नाही, हे फळाच्या प्रतीपेक्षा फळ कोणत्या महिन्यात हाती येते यावर ठरते.

आधी झाडाचे कूळ पाहू, कारण त्याचा स्वभाव तिथूनच आला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने कागदी लिंबाचे आईबाप निश्चित केले. आई फिलिपाइन्सच्या बेटांवर वाढणारी मायक्रांथा नावाची रानटी लिंबूवर्गीय जात, मकृतच्याच गोतातली. बाप आपल्या ओळखीचे महाळुंग. म्हणजे लिंबू आणि मकृत ही मावसभावंडे म्हणायला हरकत नाही. ही आई विषुववृत्ताजवळच्या दमट, बारमाही उष्ण प्रदेशातली. त्यामुळे कागदी लिंबाला कडाक्याची थंडी सोसत नाही, आणि थंडी पडो न पडो, ते वर्षातून अनेकदा फुलू शकते. ते एका हंगामाला बांधलेले नाही. बी पेरले तरी बहुतेक रोपे आईसारखीच निघतात, कारण एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यांतले बरेचसे आईच्याच पेशींपासून बनलेले असतात. म्हणूनच वऱ्हाडात संत्र्याची कलमे शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून आणतात आणि लिंबाची बाग मात्र बहुधा बियांच्या रोपांवर उभी राहते. सहा बाय सहा मीटरवर लावले तर हेक्टरी 277 झाडे बसतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे दिसू लागतात.

लिंबूवर्गीय झाडाला फुलायला धक्का लागतो. थंड प्रदेशात तो थंडीचा असतो, आपल्याकडे मुख्यतः तहानेचा. पाणी तोडले की झाडाची वाढ थांबते, पानांत तयार झालेले अन्न फांद्यांत साठते आणि पुन्हा पाणी मिळाले की नवतीबरोबर फुले येतात. याला शेतकरी ‘ताण देणे’ म्हणतो, आणि तो शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमका आहे. डिसेंबरात पाणी तोडून जानेवारी-फेब्रुवारीत फुलवला तर अंबिया बहार. उन्हाळ्याची तहान भोगून मृगाच्या पावसावर जून-जुलैत फुलला तर मृग बहार. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, हस्त नक्षत्राच्या आगेमागे फुलला तर हस्त बहार. लिंबाला फुलापासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने लागतात, तेव्हा पुढचे गणित बोटावर मोजता येते. अंबियाचे लिंबू जून-जुलैत येते, मृगाचे थंडीत, आणि हस्ताचे मार्च अखेरपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे देशभर रसवंत्या आणि सरबताच्या गाड्या लागलेल्या असतात तेव्हा. झाडाला मोकळे सोडले तर तिन्हींची वाटणी कशी होते, याचे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वर्षानुवर्षे सांगितले जाणारे ढोबळ प्रमाण आहे : अंबियाला 60 टक्के, मृगाला 30 आणि हस्ताला जेमतेम 10. ग्राहकाला लिंबू सर्वात जास्त हवे असते तेव्हा झाड सर्वात कमी देते, आणि पावसाची झड लागून कुणाला सरबत सुचत नाही तेव्हा गोण्या भरून देते.

शेतमालाच्या भावाबद्दल बोलताना आपण व्यापाऱ्याला आणि सरकारला पटकन बोल लावतो, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. लिंबाच्या बाबतीत मात्र भावातली मोठी दरी आधी झाडाच्या वेळापत्रकात पडलेली असते, बाजार ती फक्त रुंद करतो. एप्रिल 2022 आठवा. देशातल्या कित्येक शहरांत लिंबू किलोला 300 रुपयांच्या वर गेले, एका लिंबाला दहा रुपये मोजावे लागले, आणि वर्तमानपत्रांना लिंबूचोरीच्या बातम्या मिळाल्या. त्याची कारणे उन्हाळ्यात शोधून उपयोग नव्हता. ती आदल्या पावसाळ्यात होती : सप्टेंबर-ऑक्टोबर 2021 मध्ये पाऊस लांबला, ताण बसायच्या वेळी जमीन ओलीच राहिली आणि हस्ताची फुले धरलीच नाहीत. गुजरातेत त्याआधी मे महिन्यात तौक्ते वादळाने बागा झोडपल्या होत्या, ती भर वेगळी. ज्यांच्या झाडांवर त्या एप्रिलात लिंबू होते त्यांनी एका हंगामात काही वर्षांची उधारी फेडली. बाकीच्यांनी भाव फक्त मोबाइलवर पाहिला. मेक्सिकोच्या लिंबाबाबत असाच प्रकार 2014 च्या सुरुवातीला झाला होता आणि अमेरिकेतली हॉटेले पेयांतल्या लिंबाच्या फोडी मोजू लागली होती. 

अकोल्याच्या विद्यापीठातल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधकांनी हस्ताच्या या 10 टक्क्यांवर बरेच काम केले. त्यातून आलेली शिफारस तीन फवारण्यांची आहे : जूनमध्ये जिब्रेलिक आम्ल 50 पीपीएम, सप्टेंबरात सायकोसिल 1000 पीपीएम आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट 1 टक्का. यामागचा तर्क समजून घेतला तर शिफारस पाठ करावी लागत नाही. जिब्रेलिन हे झाडातले वाढीचे संप्रेरक. ते भरपूर असले की डोळ्यातून फांदी फुटते, फूल नाही. जूनमध्ये ते बाहेरून दिले की मृगाची फुले दबतात आणि झाडाची शक्ती राखून ठेवली जाते. सायकोसिल नेमके उलटे काम करते. ते झाडाला जिब्रेलिन बनवू देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात भराभर फुटणारी नवती थांबते. झाडाच्या आत एक प्रकारचा बनावट ताण तयार होतो. आणि पोटॅशियम नायट्रेट म्हणजे झोपलेल्या डोळ्यांना दिलेली हाक. मृगाला आवर, भाद्रपदात लगाम, आश्विनात चाल. युक्ती खरोखर हुशारीची आहे आणि ती आपल्याच मातीत, आपल्याच झाडांवर तपासलेली आहे.

तरीही गावोगाव विचारले तर ‘फवारण्या केल्या, फुले आलीच नाहीत’ म्हणणारे भेटतात. त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही. वऱ्हाडची काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि हा तिचा गुण कापसाला जितका मानवतो तितकाच हस्त बहाराच्या आड येतो. अंबियासाठी ताण देताना हलक्या जमिनीत महिनाभरात पाने मलूल होतात, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. आणि तेही हिवाळ्यात, आभाळ कोरडे असताना. सप्टेंबरात तर वरून पाऊस चालू असतो. मुळे ओल्यात उभी असताना पानांवर कितीही सायकोसिल मारले तरी झाडाला तहान लागली असे वाटणार कसे? फवारणी झाडाच्या वरच्या अर्ध्याशी बोलते. निर्णय खालच्या अर्ध्यात होतो. हस्त बहाराच्या शिफारशीला पाण्यावरच्या ताब्याची जोड मिळाली नाही तर ती नक्षत्राच्या भरवशावर राहते, आणि हस्ताचा भरवसा कोणत्याही वऱ्हाडी शेतकऱ्याने आजवर धरलेला नाही.

इथे थायलंडच्या शेतकऱ्याची युक्ती कामाची आहे. त्याचीही अडचण तंतोतंत हीच. तिथेही पावसाळ्यात मनाव मातीमोल होते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात भाव डोक्यावर जातो. फेत्चबुरी प्रांतातल्या था यांगसारख्या लिंबाच्या जुन्या भागांपासून इतरत्र पसरलेला तिथला उपाय वरवर अगदी साधा दिसतो : विहिरीला किंवा शोषखड्ड्याला वापरतात तशी सिमेंटची कडी जमिनीवर ठेवायची, माती आणि शेणखताने भरायची आणि त्यात लिंबू लावायचे. कडी साधारण मीटरभर व्यासाची, गुडघ्याएवढी उंच. झाडाची मुळे त्या कड्यात कोंडलेली, त्यामुळे त्याचे सगळे पाणी शेतकऱ्याच्या मुठीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो कड्याच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद पसरतो, बुंध्याशी घट्ट बांधतो आणि नळी बंद करतो. पाऊस कागदावरून घरंगळून जातो. दहा-पंधरा दिवसांत पाने सुकल्यासारखी दिसू लागतात, काही गळतात. मग कागद काढून पाणी आणि खत दिले की थोड्याच दिवसांत पांढऱ्या, जांभळट झाकेच्या कळ्या. भर पावसाळ्यात त्याने एका झाडापुरता उन्हाळा केलेला असतो. खैऱ्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारा ‘पिचित 1’ हा वाण तिथल्या सरकारी संशोधन केंद्राने दिला, हीही जमेची बाजू. पण वाण चांगला आणि महिना चुकीचा, हे समीकरण तिथेही तोट्याचेच ठरते.

लगेच आक्षेप येईल की हे सगळे वऱ्हाडात कसे चालेल? मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जाणे नवलाचे नाही. त्या उन्हात सिमेंटचे कडे तव्यासारखे तापेल आणि आतली मुळे भाजतील. आक्षेप बरोबर आहे. शिवाय हेक्टरी 277 कड्यांचा खर्च, त्यांत भरायची माती, आणि मुळे कोंडल्यामुळे झाडाचे आटलेले आयुष्य, हे सगळे मोजले तर कडी जशीच्या तशी उचलणे शहाणपणाचे नाही. पण घ्यायचे ते कड्यामागचे तत्त्व : मुळे कमी मातीत, उंचावर आणि पावसापासून झाकता येतील अशी ठेवायची. तेच काम उंच गादीवाफ्यावर केलेली लागवड करू शकते, ज्यात पावसाचे पाणी दोन्ही बाजूंच्या चराने वाहून जाते. त्यावर मल्चिंगचा कागद अंथरला आणि खाली ठिबकची नळी टाकली की पाण्याची चावी हातात आली. खरबूज-टरबुजाला मल्चिंग पेपर अंथरणारा शेतकरी अकोल्याला नवखा नाही, तोच कागद लिंबाच्या वाफ्यावर ऑगस्टअखेर पसरायचा आहे. जुन्या, सपाट बागेत हे जमणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. तिथे निदान बागेतली सर्वात हलकी, मुरमाड पट्टी हस्तासाठी निवडावी आणि खोल काळी जमीन अंबियाला सोडावी. एरवीही चिबडणाऱ्या काळ्या मातीत लिंबाला डिंक्या आणि मूळकुज लागतेच. निचऱ्याचा खर्च त्या रोगांसाठी करावाच लागणार असेल तर हस्त बहार हे त्यातून मिळणारे दुसरे फळ आहे.

सर्वात वजनदार आक्षेप पाण्याचा. हस्ताचे फळ उन्हाळ्यात पोसायचे, आणि उन्हाळ्यात तर विहिरी तळ गाठतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर भूगर्भातले पाणीच खारे, जे लिंबूवर्गीय झाडाला अजिबात मानवत नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्यासाठी इतका उपसा झाला की भूजलाच्या सरकारी नकाशात ते तालुके अतिशोषित ठरले. मग पाण्याच्या नावाने आधीच बोंब असताना उन्हाळी फळाची भर कशाला? हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो मांडणारा आज काय करतो आहे ते पाहा. तो अंबिया घेतो. अंबियाचे फूल जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि फळ जून-जुलैत निघते. म्हणजे मार्च, एप्रिल, मे हे तिन्ही महिने झाडावर फळ आहे आणि झाड पाणी पिते आहे. उन्हाळ्याची सगळी तहान भागवून तेच फळ पहिल्या पावसात, भाव पडल्यावर, बाजारात जाते. हस्ताला हिवाळ्यातले पाणी जास्त लागते हे खरे, पण हिवाळ्यात बाष्पीभवन कमी आणि विहिरीला पाणी असते. आणि मे महिना ऐन तापतो तेव्हा हस्ताची बरीच तोडणी झालेली असते. उन्हाळ्यात महागामोलाचे पाणी घालून पावसाळ्यात स्वस्त माल काढायचा, हा व्यवहार आज चालू आहे. पाण्याची काळजी असणाऱ्याने आधी त्याचा हिशेब मागावा. खारपाणपट्ट्यात मात्र लिंबाचा हट्ट कोणत्याच बहारासाठी धरू नये.

दुसरा आक्षेप जोखमीचा. जूनमध्ये जिब्रेलिक आम्ल मारले म्हणजे मृगाची 30 टक्के फुले आपल्या हाताने घालवली. हस्त धरला नाही तर तेही गेले आणि हेही. पण मृगाचे लिंबू येते थंडीत, जेव्हा घराघरांत ‘घसा धरेल’ म्हणून लिंबाला बंदी असते. गमावले ते 30 टक्के मालाचे आहेत, 30 टक्के पैशाचे नाहीत. शिवाय लिंबाच्या खर्चात एक बाब अशी आहे की ती भावाबरोबर खाली येत नाही : तोडणी. कागदी लिंबाला तीक्ष्ण काटे. तोडणारा आकडीच्या काठीने फांदी ओढतो, हात काट्यांतून घालतो आणि फळे एकेक करून काढतो, किंवा गळालेली वेचतो. मग पिवळी-हिरवी, लहान-मोठी निवड, गोण्या, गाडीभाडे, अडत. किलोमागचा हा खर्च आषाढात आणि वैशाखात जवळपास सारखाच. समजा एक किलो तोडून बाजारात नेईपर्यंत आठ रुपये लागले. बारा रुपये भाव असेल तर हातात चार उरतात. साठ असेल तर बावन्न. भाव पाचपट आणि उरलेला पैसा तेरापट. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपापल्या बाजाराचे घालून पाहावेत. पण गुणोत्तर याच दिशेने जाईल. कमी माल काढून जास्त पैसा मिळण्याचा हा मार्ग मजुरांच्या टंचाईच्या काळात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तरीही सबंध बाग हस्तावर लावणे म्हणजे जुगार, हे मान्य. पाव हिस्सा बाग लावावी. विद्यापीठाची शिफारस आणि शेतकऱ्याची धास्ती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी शहाणपण असते, ते बहुधा पाव हिश्शातच असते.

रोगाचे अंग हस्ताच्या बाजूने आहे. खैऱ्या हा कागदी लिंबाचा हाडवैरी. पानावर, फांदीवर, फळावर खैराच्या रंगाचे खरबरीत फोड उठतात आणि फळ खायला बरे असले तरी बाजारात त्याची किंमत जाते. हा जिवाणू पावसाच्या थेंबांच्या उडण्याने आणि वाऱ्याने पसरतो, आणि पाने पोखरणारी अळी त्याला आत शिरायला वाट करून देते. अंबियाचे फळ पक्व होताना पावसात सापडते. हस्ताचे फळ धरते ते पाऊस सरताना आणि वाढते ते कोरड्या दिवसांत, त्यामुळे साल स्वच्छ राहते. विरुद्ध पारड्यात गारपीट आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला फळबागायतदार विसरलेला नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत हस्ताचे फळ झाडावर असते. यावर झाडाकडे उत्तर नाही. विमा आणि नशीब, एवढेच.

‘सगळ्यांनीच हस्त घेतला तर एप्रिलमध्येही भाव पडेल’ हा आक्षेप अडत्यांच्या ओट्यावर हमखास ऐकू येतो. सगळ्यांना जमले तर भाव थोडा उतरेल हे उघड आहे, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने ते वाईटही नाही. पण पावसाळ्यात झाडाला तहान लावणे इतके कटकटीचे आहे की सगळ्यांना ते कधीच जमणार नाही. शिवाय लिंबाचे गिऱ्हाईक देशभर पसरलेले आहे आणि ते एका सीमेवर अडत नाही. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचे काय झाले ते आठवा : संत्री बांगलादेशात मोठ्या प्रमाणात जात होती, तिथल्या सरकारने आयात शुल्क 2019 मधल्या किलोला 20 रुपयांवरून 2023 पर्यंत 88 रुपयांवर नेले, आणि बागेतला माल बागेतच भाव हरवून बसला. एका बाजारपेठेवर इतके विसंबलेले फळ आणि चहाच्या टपरीपासून औषधाच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र लागणारे फळ, यांची जोखीम सारखी नाही. संत्र्याने नागपूरचे नाव आणि 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळवले. लिंबाच्या बाबतीत ते मानांकन राज्याच्या सीमेपलीकडे विजयपूर जिल्ह्यातल्या इंडीने मिळवले, आसामने काजी नेमूला थेट राज्यफळ केले. वाडेगावचे लिंबू अजून बिननावाच्या गोणीतून जाते.

मागणीची बाजूही थोडी पाहायला हवी. आग्नेय आशियात लिंबू हा स्वयंपाकातला घटक आहे, मीठ-मिरचीसारखा, बारा महिने लागणारा. आपल्याकडे तो वरून पिळायचा आहे. वऱ्हाडी रस्सा, अंबाडीची भाजी, कढी यांचा आंबटपणा चिंचेचा, अंबाडीच्या पानांचा, ताकाचा. लिंबू येते ते तर्रीपोह्यावर, कांदा-सांबाराच्या जोडीला. या सवयी बदलाव्यात असे कुणी सांगू नये, त्या चवीच्या आहेत. पण अंबिया आणि मृगाचा जो माल राहणारच आहे, त्याला भर हंगामात ताजा विकण्यापलीकडे वाट हवी. थंडीत मृगाचे लिंबू स्वस्त असते आणि वऱ्हाडात ऊन कोरडे असते. खारातले लिंबू, लोणचे, आखाती देशांत रश्श्यात घालतात तसे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेले काळे लिंबू, हे सगळे त्याच दिवसांत होऊ शकते. जूनच्या मालाला हे ऊन मिळत नाही, त्याला रस काढून साठवणारा कारखानाच हवा, आणि तो एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही; ते काम शेतकरी कंपन्यांचे आणि सरकारचे आहे.

हवामानाचा कल मात्र हस्ताला अधिक अवघड करत चालला आहे. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने बांधल्या, तेव्हा वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात 1 सप्टेंबरऐवजी 17 सप्टेंबर धरली गेली. वऱ्हाडातून पाऊस जाता जाता आता ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उजाडतो. ज्या दिवसांत ताण बसायला हवा तेच दिवस ओले होत आहेत. मोकळ्या बागेतला हस्त बहार यामुळे 10 टक्क्यांवरून आणखी खाली येण्याचीच शक्यता अधिक, आणि तसे झाले तर एप्रिलचा भाव आणखी वर. झाकलेल्या वाफ्यावर पैसे घालणाऱ्याचे पारडे म्हणूनच वर्षागणिक जड होत जाईल.

म्हणून, ज्यांची बाग उभी आहे त्यांनी विहिरीजवळची, हलक्या जमिनीवरची पाव हिस्सा झाडे हस्तासाठी वेगळी काढावीत. नवी लावणी करणाऱ्यांनी सपाट खड्ड्याऐवजी गादीवाफा करावा. आणि मकृतचे एखादे झाड हौसेखातर परसात लावावे. जिब्रेलिक आम्लाची फवारणी जूनमध्ये असते, मृगाची फुले एकदा निघाली की वेळ गेली. एप्रिलच्या लिंबाचा निर्णय आदल्या वर्षीच्या मे महिन्यात घ्यावा लागतो.